गादी पिंजली, तरीही...

जालन्याच्या आमच्या घरात कापसाची गादी दर दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यायची रीत. माझे घोरणे वाढले तेव्हा दोष साहजिकच गादीवर आला. मधोमध खड्डा पडलेला. मी रात्रभर उताणाच. उताणे झोपले की जीभ मागे सरकते, श्वासाची वाट अरुंद होते. गादी पिंजल्यावर कुशीवर झोपता येऊ लागले, घोरणेही थोडे कमी झाले. पण एका रात्री सौ. घाबरून म्हणाली, "अहो, तुमचा श्वासच थांबला होता!"

तपासणीत स्लीप ॲप्निया निघाला. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी जगापुढे आणलेले, हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे यंत्र आता माझ्या उशाशी असते.

गादी जरूर पिंजून घ्या. पण घरच्यांनी श्वास थांबलेला पाहिला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.