उभ्या माणसांचा आवाज

३० एप्रिल १९९४ रोजी लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर पाहुण्या नॉरिच संघाने यजमानांना १-० असं हरवलं. तो निकाल आज फारसा कुणाला आठवत नाही. आठवते ती त्या दिवशीची गर्दी. गोलपोस्टमागच्या ‘कॉप’ नावाच्या पायऱ्यांवर उभं राहून सामना बघण्याचा तो शेवटचा दिवस होता. नंतर त्या पायऱ्या पाडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी बारा हजारांच्या आसपास खुर्च्यांचा नवा स्टँड आला.

कॉपचं नाव युद्धातून आलं आहे. जानेवारी १९००मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिअन कॉप या टेकडीवर बोअरांशी लढताना लँकशायरमधले अनेक सैनिक मारले गेले. १९०६मध्ये अ‍ॅनफिल्डला मातीचा मोठा उतार बांधला गेला, तेव्हा अर्नेस्ट एडवर्ड्स या स्थानिक पत्रकाराने त्याला या टेकडीचं नाव सुचवलं. १९२८मध्ये त्यावर छप्पर चढलं आणि तीस हजारांच्या घरात माणसं एका छताखाली उभी राहू लागली. या छपराचं महत्त्व मोठं आहे, कारण आवाज वर विरून न जाता मैदानावर परतू लागला. १९६४मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमाने कॉपवर कॅमेरा रोखला. त्यात खेळापेक्षा गर्दीच जास्त दिसते. एकमेकांना चिकटून डोलणारे हजारो लोक बीटल्सची गाणी एका सुरात म्हणत आहेत आणि निवेदक अनोळखी लोकसंस्कृतीचं वर्णन करावं तसा त्यांच्याबद्दल बोलतो आहे.

हा सूर कुणी बसवलेला नव्हता. मधल्या भागातल्या दहा-वीस जणांनी चाल उचलायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, भजनात टाळकरी पद झेलतात तशी. असं घडायला दोन गोष्टी लागत. एक म्हणजे, आपल्या माणसांशेजारी उभं राहता यायला हवं. त्या वेळी पुष्कळ सामन्यांना दारावर पैसे देऊन आत जाता येई. कारखान्यातले, गल्लीतले, शाळेतले मित्र एकत्र निघत आणि ठरलेल्या कठड्याजवळ उभे राहत. दुसरी गोष्ट म्हणजे लहान वयात लागलेली सवय. कॉपच्या एका कोपऱ्यात मुलांसाठी वेगळा कुंपणबंद भाग होता. मुलं आधी तिथे उभी राहत, मोठ्यांची गाणी कानावर पडत आणि धीर आला की कुंपण चढून कॉपवर उतरण्याचा प्रयत्न करत. पिढ्यान्‌पिढ्या गाणी अशीच पुढे गेली.

त्या काळाचं सोवळं चित्र मात्र रंगवू नये. १९८८मध्ये शेजारच्या एव्हर्टनच्या मैदानावर लिव्हरपूलच्या जॉन बार्न्स या कृष्णवर्णीय खेळाडूकडे केळं फेकलं गेलं. ते टाचेने बाजूला सारतानाचं त्याचं छायाचित्र जगभर पोचलं. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर लिव्हरपूलच्या समर्थकांनी युव्हेंटसच्या बाजूच्या लोकांवर चाल केली, पळापळीत भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली. त्यांत बहुतेक इटालियन होते. इंग्लिश क्लबांना युरोपीय स्पर्धांची दारं पाच वर्षं बंद झाली, लिव्हरपूलला सहा. तेव्हाच्या पायऱ्यांवर गाणं होतं, तशी गुंडगिरी आणि वर्णद्वेषही होता. बायका तिथे फार थोड्या दिसत.

या गुंडगिरीवर अधिकाऱ्यांनी उपाय काढला तो लोखंडी जाळ्यांचा. गर्दीला पिंजऱ्यात ठेवलं की ती आटोक्यात राहते, अशी समजूत होती. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफए कपचा उपांत्य सामना होता. लेपिंग्ज लेन बाजूच्या मोजक्या फिरत्या दारांपाशी माणसं अडकली. पोलिसांनी बाहेर जाण्याचं मोठं दार उघडायला लावलं, पण आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांकडे नेणारा बोगदा बंद केला नाही. माणसं आत शिरत राहिली आणि पुढची जाळीवर चिरडली गेली. तीन वाजून सहा मिनिटांनी सामना थांबवला गेला. या दुर्घटनेत एकूण ९७ जीव गेले. शेवटचा बळी जखमांचे परिणाम भोगत २०२१पर्यंत जगला होता.

पोलिसांनी दोष समर्थकांच्या माथी मारला आणि काही वृत्तपत्रांनी ते खोटं पहिल्या पानावर छापलं. पोलिसांचे जबाब बदलले गेले होते, हे २०१२मध्ये स्वतंत्र समितीने उघड केलं. मृत्यू बेकायदा होते आणि समर्थकांचा दोष नव्हता, असा निर्णय ज्यूरीने दिला तो एप्रिल २०१६मध्ये. नातेवाइकांना सत्तावीस वर्षं लढावं लागलं. फुटबॉलच्या गर्दीकडे माणसं म्हणून न पाहता उपद्रव म्हणून पाहिलं की काय होतं, याचा याहून भयंकर पुरावा मला माहीत नाही.

हिल्सबरोची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९०मध्ये आला आणि मोठ्या मैदानांवर सर्वांना बसायला जागा द्यावी, ही शिफारस अमलात आली. याच अहवालातली दुसरी गोष्ट सोयीस्करपणे विसरली गेली. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर तेव्हा बसण्याचं तिकीट सहा पौंडांना होतं आणि उभं राहण्याचं चार पौंडांना. हा दाखला देऊन टेलर यांनी लिहिलं होतं, की क्लब खुर्चीसाठी थोडे जास्त घेतील, पण आज उभं राहून बघणाऱ्यांच्या खिशाला परवडेल अशी स्वस्त खुर्ची ठेवणं शक्य आहे.

ते झालं नाही. १९९२मध्ये प्रीमिअर लीग सुरू झाली, स्काय वाहिनीचा पैसा आला आणि तिकिटं महागाईला मागे टाकून वर गेली. मैदानं भरलेली राहिली, पण त्यांतली माणसं बदलली. हंगामाच्या तिकिटावर खुर्चीचा क्रमांक आला आणि मित्रांचे गट विखुरले. दारावर नाणी मोजून आत शिरणारा सतरा वर्षांचा मुलगा बाहेर राहिला. नोव्हेंबर २०००मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या रॉय कीनने आपल्याच मैदानावरच्या प्रेक्षकांना फटकारलं. कोळंबीचं सँडविच खाणाऱ्यांना मैदानावर काय चाललंय ते कळत नाही, असा त्याचा रोख होता. शब्द झोंबले, कारण ते खरे होते.

मैदानं गप्प झाली, याचा दोष खुर्च्यांना देण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. खुर्चीमुळे फरक पडतो, पण खुर्चीपुढे उभं राहून गाणारे लोक इंग्लंडमध्ये दर आठवड्याला दिसतात: पाहुण्या संघाचे समर्थक. ते एकत्र प्रवास करतात, एकाच कोपऱ्यात असतात आणि हजार-तीन हजार असूनही चाळीस हजारांना भारी पडतात. समर्थक संघटनांच्या रेट्यामुळे २०१६-१७पासून प्रीमिअर लीगमध्ये त्यांच्या तिकिटाला तीस पौंडांची कमाल मर्यादा आहे. परवडणारं तिकीट आणि शेजारी आपली माणसं, एवढं जमलं की आवाज आपोआप येतो.

ती मर्यादा जाहीर होण्याच्या महिनाभर आधीचा प्रसंग सांगायलाच हवा. लिव्हरपूलच्या मालकांनी नव्या स्टँडचं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंड ठरवलं होतं. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी संडरलँडविरुद्ध लिव्हरपूल २-० असा पुढे होता. ७७व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठले आणि निघून गेले. सामना २-२ बरोबरीत सुटला. चारच दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि दरवाढ मागे घेतली.

जर्मनीने वेगळी वाट धरली. तिथे क्लबात मतांचं बहुमत सभासदांकडे राहावं, असा नियम आहे. उभं राहण्याच्या जागाही राखल्या गेल्या. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडवर जवळपास २५ हजार माणसं उभी राहून सामना बघतात. आवाजाची किंमत या समर्थकांना इतकी नेमकी कळते, की ते शांततेचंही हत्यार करतात. २०१२च्या अखेरीस नव्या सुरक्षा नियमांच्या निषेधार्थ देशभरच्या मैदानांवर पहिली १२ मिनिटं आणि १२ सेकंद कुणी तोंड उघडलं नाही. २०२३-२४च्या हिवाळ्यात प्रसारण हक्कांतला हिस्सा गुंतवणूकदाराला विकायचं घाटत होतं, तेव्हा त्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले. फेब्रुवारी २०२४मध्ये तो व्यवहार बारगळला.

गर्दीचा खेळावर खरोखर परिणाम होतो का, ही शंका करोनाच्या काळात बरीचशी फिटली. २०२०-२१चा प्रीमिअर लीग हंगाम जवळजवळ रिकाम्या मैदानांवर झाला. त्यात यजमानांनी १४४ सामने जिंकले आणि पाहुण्यांनी १५३. इंग्लंडच्या अव्वल विभागाच्या इतिहासात असं आधी कधीच घडलं नव्हतं. पुढे जानेवारी २०२२पासून काही मैदानांवर, कठडे जोडलेल्या खुर्च्यांपुढे उभं राहण्याची रीतसर परवानगी मिळाली. हिल्सबरोत आपली माणसं गमावलेल्यांपैकी काहींना हे कधीच रुचलं नाही आणि त्यांचं दुःख मोडीत काढण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण इथे एका माणसामागे एक जागा मोजलेली असते, पुढे जाळी नसते आणि तिथली माणसं पुन्हा गाऊ लागली आहेत.

आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० असं हरवलं, सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि प्रेक्षक होते २,५६९. छेत्रीने हात जोडून लोकांना मैदानावर यायची विनंती केली. तीन दिवसांनी केनियाविरुद्धच्या, त्याच्या शंभराव्या सामन्याची सगळी तिकिटं खपली. एका विनंतीने एक मैदान भरलं, पण दर वेळी विनंती करून गर्दी होत नाही. त्यासाठी संघ गल्लीचा असावा लागतो.

असा संघ कोल्हापुरात आहे, एक नव्हे, कितीतरी. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस: पेठांचे आणि तालमींचे हे संघ छत्रपती शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा पायऱ्यांवर पेठच्या पेठ येऊन बसते. आज्यापासून नातवापर्यंत एकच संघ असतो. कॉपच्या त्या मुलांच्या कोपऱ्यात जे घडत असे, ते इथे घरातच घडतं. इथेही समर्थकांत हाणामाऱ्या झाल्या आहेत, सामने थांबवावे लागले आहेत आणि त्याचं समर्थन होऊ शकत नाही. मात्र बंदोबस्त आखणाऱ्यांनी हिल्सबरोचा इतिहास एकदा वाचावा. दारं किती, बाहेर पडायच्या वाटा किती रुंद, कोणत्या भागात किती माणसं, हे आधी मोजावं आणि जाळ्यांचा विचार त्यानंतर करावा. उद्या मैदान नवं झालं, खुर्च्या आल्या, प्रायोजक आले, तर आनंदच आहे. फक्त गोलमागच्या पायऱ्यांचं तिकीट पेठेतल्या शाळकरी पोराला परवडेल एवढंच ठेवा.