जुना संगणक, नवी प्रणाली : अडते नेमके कोठे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचे नेहमीचे साहाय्य थांबवले. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या या प्रणालीने दहा वर्षे काम दिले. त्या दिवशी एकही संगणक त्यामुळे बंद पडला नाही. बदल एवढाच झाला की, प्रणालीत नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींची दुरुस्ती त्यानंतर आपोआप मिळेनाशी झाली. त्रुटी मात्र सापडतच राहतात आणि त्यांचा गैरफायदा घेणारेही असतात. म्हणून विंडोज ११ बसवा, असे कंपनी सांगते. शाळेच्या संगणक कक्षात २०१५-१६ साली आलेल्या यंत्रावर ती बसवू गेल्यास पडद्यावर उत्तर येते : हा संगणक किमान अटी पूर्ण करत नाही.

मग चांगला चालणारा संगणक भंगारात काढावा काय? हा निर्णय घेण्यापूर्वी ‘चालत नाही’ या दोन शब्दांचा नेमका अर्थ आपण लावायला हवा. त्याचे तीन वेगवेगळे अर्थ होऊ शकतात. एक, यंत्राच्या अंगी ती क्षमताच नाही. दोन, क्षमता आहे, पण प्रणाली आणि यंत्र यांच्यात संवाद घडवणारी आज्ञावली उपलब्ध नाही. तीन, दोन्ही आहे, पण कंपनी त्या यंत्राची जबाबदारी घेत नाही. तिन्ही वेळी पडद्यावरचा निरोप साधारण सारखाच दिसतो. उपाय मात्र निरनिराळे आहेत.

पहिला अडसर : आज्ञाच समजत नाही

प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक आज्ञाच कळतात. नव्या पिढीत त्यांत भर पडते. ‘पॉपकाउंट’ ही अशीच एक आज्ञा. एखाद्या द्विमान संख्येत १ हा अंक किती वेळा आला, ते ती एका फटक्यात सांगते. १३ ही संख्या द्विमान पद्धतीत ११०१ अशी लिहितात. तिचे उत्तर ३. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ही आज्ञा २००८ साली आलेल्या नेहालेम पिढीपासून आहे. त्याआधीच्या कोअर टू ड्युओमध्ये ती नाही.

२०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या ‘२४एच२’ या आवृत्तीत ही आज्ञा प्रणालीच्या गाभ्यातच वापरलेली आहे. जुन्या प्रोसेसरपुढे ती आली की, तो तेथेच अडतो आणि संगणक सुरूच होत नाही. येथे कोणतीही युक्ती चालत नाही. हीच मोजणी जुन्या आज्ञा एकामागून एक देऊन करता येते हे खरे, पण त्यासाठी प्रणालीच तशी लिहिलेली असावी लागते.

असा निर्णय केवळ नफ्यासाठी धडपडणाऱ्या कंपन्याच घेतात असे नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सची सुरुवात ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर केली. त्याच ३८६ चा आधार लिनक्सच्या गाभ्यातून डिसेंबर २०१२ मध्ये काढून टाकण्यात आला. एका जुन्या प्रोसेसरसाठी वेगळे मार्ग सांभाळत बसणे सर्वांनाच जड जात होते.

दुसरा अडसर : दुभाषी नाही

चित्र दाखवणारे कार्ड, वायफाय, प्रिंटर या प्रत्येकाची बोली वेगळी असते. प्रणालीचे म्हणणे त्या बोलीत सांगणाऱ्या दुभाष्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. नव्या प्रणालीसाठी तो कोणी लिहिलाच नाही, तर यंत्र धडधाकट असूनही मुके राहते.

ॲपलच्या संगणकांचे उदाहरण घेऊ. २०१८ सालच्या मॅकओएस मोहावीपासून ‘मेटल’ ही चित्रप्रणाली पेलणारे कार्ड आवश्यक ठरले आणि अनेक जुने मॅक यादीबाहेर गेले. ‘ओपनकोअर लेगसी पॅचर’ ही स्वयंसेवकांनी लिहिलेली आज्ञावली जुन्या प्रणालीतले ड्रायव्हर नव्या प्रणालीत बसवून अशा यंत्रांना पुन्हा चालते करते. त्याची किंमतही मोजावी लागते. प्रणालीच्या फाइलींत कोणी ढवळाढवळ करू नये म्हणून ॲपलने जे संरक्षण ठेवले आहे, ते या कामासाठी सैल करावे लागते.

तिसरा अडसर : दारावरचा पहारेकरी

विंडोज ११ बसवणारी आज्ञावली काम सुरू करण्यापूर्वी यंत्राची तपासणी करते. किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, ‘सिक्युअर बूट’ची सोय, ‘टीपीएम २.०’ हा सुरक्षा घटक आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर, या मुख्य अटी आहेत. इंटेलच्या बाबतीत ही यादी, थोडे अपवाद वगळता, २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते.

सातव्या पिढीचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आज्ञा समजू शकत नाही, असे नाही. येथे यंत्र अडत नाही. दारावरचा पहारेकरी अडवतो. त्याला बाजूला करण्याचा एक मार्ग २०२१ साली खुद्द मायक्रोसॉफ्टनेच आपल्या संकेतस्थळावर दिला होता. पुढे तो मजकूर काढून टाकण्यात आला. ‘रूफस’ या मोफत आज्ञावलीने पेनड्राइव्ह तयार करताना या तपासण्या वगळण्याचा पर्याय निवडता येतो. मात्र तपासणी वगळली म्हणजे परवाना मिळाला असे नव्हे. परवाना अधिकृतच हवा.

अटींमागे कारण आहे काय?

आहे. टीपीएममध्ये डिस्कच्या कुलपाची किल्ली सुरक्षित राहते. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, तरी तिच्यावरची माहिती वाचता येत नाही. सिक्युअर बूटमुळे संगणक सुरू होतानाच घुसणाऱ्या घातक आज्ञावलीला आळा बसतो. गाभ्याच्या स्मृतीचे रक्षण करणारी एक सोय इंटेलच्या सातव्या पिढीपासून प्रोसेसरमध्येच आहे. जुन्या यंत्रांत तेच काम आज्ञावलीकडून करून घ्यावे लागते व वेग मंदावतो.

पण मग सातवी पिढी जवळजवळ सगळीच यादीबाहेर का? याचे उत्तर केवळ तंत्रात सापडत नाही. रेषा कोठेतरी ओढावी लागते आणि ती ओढताना तपासणीचा खर्च व धंद्याचे गणितही येते.

कंपनीने २०२१ साली दिलेले आकडेही बारकाईने वाचावेत. अटी न पाळणाऱ्या यंत्रांत प्रणालीचा गाभा कोसळण्याचे प्रकार ५२ टक्के अधिक आढळले. अटी पाळणाऱ्यांचा अनुभव ९९.८ टक्के निर्वेध होता, असे ते आकडे सांगतात. ‘५२ टक्के अधिक’ ऐकून धडकी भरते. पण दोन्ही आकडे एकाच मापाचे धरले, तर हजारांत दोनऐवजी तीन एवढाच हा फरक होतो. टक्केवारी कशाची, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावण्यासाठी हे उदाहरण उत्तम आहे.

शाळेने काय करावे?

प्रथम प्रत्येक यंत्रावर मायक्रोसॉफ्टची ‘पीसी हेल्थ चेक’ ही आज्ञावली चालवून नेमकी कोणती अट अडते ते लिहून काढावे. अनेकदा टीपीएम यंत्रात असतो, पण बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. तो सुरू केला की काम होते. डिस्क कुलूपबंद असेल, तर बायोसला हात लावण्यापूर्वी तिची ‘रिकव्हरी की’ कागदावर उतरवून ठेवावी. नाहीतर आपलीच माहिती आपल्याला मिळणार नाही.

केवळ यादीमुळे अडलेले यंत्र असेल, तर माहितीची प्रत काढून एकाच संगणकावर प्रयोग करावा. शक्य तर जुनी डिस्क काढून ठेवावी आणि नवी एसएसडी लावावी. त्यामुळे मागे फिरण्याची वाट राहते आणि वेगही वाढतो. अशा यंत्रांना मासिक सुरक्षा दुरुस्त्या आजवर मिळत आल्या आहेत, पण त्यांची हमी कंपनी देत नाही. नवी वार्षिक आवृत्तीही सहसा आपोआप येत नाही. ती दर वेळी हाताने बसवावी लागते. म्हणजे हे एकदाच करून मोकळे होण्याचे काम नव्हे. ते पुढे कोण सांभाळणार, हे आधी ठरवायला हवे.

ज्या संगणकावर यू-डायस प्लसची माहिती भरली जाते, विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक आणि निकाल ठेवले जातात, तो कार्यालयातला संगणक मात्र या प्रयोगापासून दूर ठेवावा. तेथील माहिती आपली नाही, मुलांची आहे. शैक्षणिक परवाना असलेल्या संस्थांना विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या आणखी तीन वर्षे विकत घेता येतात. त्यासाठी यंत्रामागे पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ व तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असा दर जाहीर झालेला आहे.

फारच जुन्या यंत्रांसाठी लिनक्सचा मार्ग आहे. सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली भारतीय भाषा लक्षात घेऊनच बनवली आहे. बहुतेक लिनक्स प्रणाली डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. तेव्हाच मराठी टंकलेखन, प्रिंटर आणि वायफाय तपासून घ्यावे.

वर्गात करून पाहा

पॉपकाउंट नसलेल्या प्रोसेसरला १ कसे मोजता येतील? १३ म्हणजे ११०१ घ्या. त्यातून १ वजा करा. १२ म्हणजे ११०० मिळतील. दोन्ही संख्या एकाखाली एक मांडून, जेथे दोन्हींत १ असेल तेथेच १ ठेवा : उत्तर ११००. आता ११०० मधून १ वजा करून तेच करा : ११०० आणि १०११ यांपासून १००० मिळतात. पुन्हा तेच : १००० आणि ०१११ यांपासून ००००. शून्य यायला तीन पायऱ्या लागल्या, म्हणून १ हा अंक तीन वेळा. प्रत्येक पायरीला उजवीकडचा एक १ का नाहीसा होतो, ते विद्यार्थ्यांना शोधू द्या. मग २५५ ही संख्या देऊन किती पायऱ्या लागतील, हे आकडेमोड न करता सांगायला लावा.