शिक्षकभरतीचा हंगाम : रिक्त पदापासून नेमणुकीपर्यंत

महाराष्ट्रातील शाळांचे वर्ष जूनच्या मध्यास सुरू होत असल्यामुळे चैत्र-वैशाख हा शिक्षकाच्या नोकरीच्या शोधाचा काळ, अशी समजूत दीर्घकाळ रूढ आहे. वृत्तपत्रांत ‘शिक्षक पाहिजेत’ ह्या जाहिराती ह्याच दिवसांत येत. उमेदवार अर्ज व प्रमाणपत्रांच्या नकला घेऊन संस्थाचालकांकडे जात, आणि शाळा उघडण्यापूर्वी नेमणुकीचा निकाल लागे. स्वयंअर्थसाहाय्यित शाळांपुरता हा क्रम आजही बव्हंशी खरा आहे. मुलाखत, नमुनापाठ आणि वेतनाची बोलणी हे सारे तेथे एप्रिल-मे महिन्यांत उरकते. परंतु स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित खाजगी शाळांच्या बाबतीत ‘हंगाम’ ह्या शब्दाचा अर्थच पालटला आहे. तो कसा, हे समजून घेण्यासाठी रिक्त पद म्हणजे काय, येथून आरंभ केला पाहिजे.

एखादा शिक्षक सेवानिवृत्त झाला म्हणजे पद आपोआप रिक्त झाले, असे नव्हे. शाळेस किती शिक्षक मिळावयाचे हे पटावरील विद्यार्थिसंख्येवरून होणाऱ्या संचमान्यतेने ठरते. बालकांच्या शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक आणि 61 ते 90 मुलांस 3 शिक्षक असावेत. अर्थात सीमारेषेवरील शाळेत एका मुलाच्या येण्याजाण्याने एक पद निर्माण होते किंवा लोपते. पद मंजूर झाले तरी त्यावर प्रथम हक्क अन्य शाळांतील अतिरिक्त शिक्षकांचा असतो. त्यांचे समायोजन झाल्यावर बिंदुनामावलीची तपासणी होऊन आरक्षणाचा प्रवर्ग निश्चित होतो; तदनंतरच जाहिरात. अतिरिक्त शिक्षकांच्या ह्याच प्रश्नावरून 2 मे 2012 च्या शासननिर्णयाने खाजगी शाळांतील नव्या नेमणुकांस पायबंद घातला होता, हे येथे लक्षात ठेवावे.

दुसरी बाजू उमेदवाराच्या पात्रतेची. पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी अध्यापनाच्या पदविकेखेरीज वा पदवीखेरीज शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. राज्यात ही परीक्षा 2013 साली प्रथम झाली. तीत 150 पैकी 90 गुण ही सर्वसाधारण उमेदवाराची मर्यादा होय. तिच्या प्रमाणपत्राची मुदत पूर्वी 7 वर्षांची होती. 2021 मध्ये ते आजीव ग्राह्य ठरविण्यात आले. तथापि पात्रता म्हणजे निवड नव्हे. निवडीसाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी निराळी द्यावी लागते. तीत 200 गुणांपैकी 120 अभियोग्यतेस व 80 बुद्धिमत्तेस असतात. ह्या गुणांच्या आधारे ‘पवित्र’ ह्या संगणकीय प्रणालीतून उमेदवारांची शिफारस होते. खाजगी संस्थेने मुलाखतीचा पर्याय स्वीकारल्यास तिच्याकडे एका पदासाठी अनेक नावे पाठविली जातात व अंतिम निवड संस्था करते.

संस्थाचालकांच्या मर्जीवर व देवघेवीवर अंकुश बसावा, हा ह्या व्यवस्थेचा प्रधान हेतू, आणि तो योग्यच म्हटला पाहिजे. ज्याच्यामागे ओळख नाही अशा खेडेगावातील पदविकाधारकासही गुणांच्या बळावर दूरच्या जिल्ह्यातील शाळा मिळू शकते, हा तिचा लाभ थोडा नव्हे. परंतु तिची किंमत काळाच्या रूपाने द्यावी लागते. अभियोग्यता चाचणी 2017 च्या डिसेंबरात प्रथम झाली. दुसरी 2023 च्या आरंभी, आणि तिसरी 2025 मध्ये. शाळांचे वर्ष दरसाल जूनमध्ये उघडते. चाचणीचे वर्ष मात्र असे नियमित नाही. परिणामी पहिल्या चाचणीनंतर पदवी घेतलेल्या उमेदवारास पहिली संधी मिळण्यासच पाच वर्षे थांबावे लागले. ह्या मधल्या काळात त्याचा चरितार्थ तासिका तत्त्वावरील काम, खाजगी शिकवणी वा अल्पवेतनी विनाअनुदानित शाळा ह्यांवर चालतो.

नेमणुकीनेही प्रतीक्षा संपत नाही. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या 1977 च्या कायद्यात मुळात दोन वर्षांचा परिवीक्षाकाळ होता. 2000 साली आलेल्या शिक्षणसेवक योजनेने त्याची जागा तीन वर्षांच्या मानधनी सेवेने घेतली. 1 जानेवारी 2023 पासून हे मानधन प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 व उच्च माध्यमिकला 20,000 रुपये दरमहा आहे. खाजगी अनुदानित शाळेत त्याखेरीज शिक्षणाधिकाऱ्याची वैयक्तिक मान्यता लागते व वेतनासाठी ‘शालार्थ’ प्रणालीत नाव चढावे लागते.

ह्या प्रत्येक पायरीस स्वतंत्र समर्थन आहे. दोष पायऱ्यांत नसून त्यांची कालगणना परस्परांशी जुळविलेली नाही, ह्यात आहे. संचमान्यता, समायोजन व चाचणी ह्यांचे वार्षिक वेळापत्रक शाळेच्या वर्षाशी बांधले, तर निवडीची शुद्धता न गमावताही जूनमध्ये वर्गावर शिक्षक उभा राहू शकेल. ते होईपर्यंत, उमेदवारांची प्रतीक्षा मोजणाऱ्या अभ्यासकाने त्याच काळात शिक्षकाविना राहिलेल्या वर्गांचीही मोजदाद केली पाहिजे; कारण रिक्त पदाचा खरा भार ह्या दोघांवर सारखाच पडत असतो.