संगणकातली ऊस नोंद आणि आपला ताळा

एकाच्या नावावर तीन गटांत ऊस असला की वहीत तीन ओळी होतात. अमेरिकेत १९६५ साली डिक पिक व डॉन नेल्सन यांनी उभारायला घेतलेल्या पिक पद्धतीत मात्र एकाच नोंदीत तिन्ही गट, क्षेत्रे आणि लागण तारखा ओळीने बसतात.

सोय मोठी, पण धोकाही तिथेच. एक तारीख गळाली की मागच्या तारखा एक घर पुढे सरकतात. संगणक काही बोलत नाही, आणि तयार ऊस तोडीविना रानात उभा राहतो.

दुसरा बिघाड उघड दिसतो. नोंद लिहिताना वीज गेली तर नोंदींची साखळी तुटते, पुढच्या नोंदी सापडत नाहीत. तेव्हा आधी भरणी थांबवायची, आहे त्याची प्रत काढायची, मगच दुरुस्ती. घाई केली तर उरलेलेही जाते.

आता अशा नोंदी दूरच्या माहिती केंद्रातही ठेवता येतात. पनवेलला २०२० साली योट्टाचे असे मोठे केंद्र सुरू झाले. पण चुकीची तारीख तिथेही चुकीचीच राहणार! म्हणून लागण नोंदीची चिठ्ठी जपा आणि यादी लागताच गटवार ताळा घ्या.