‘मदत केली’ एवढंच लिहू नका!

निकाल लागला, पेढे वाटून झाले आणि आता घरात रोज एकच विषय, ‘पुढे काय?’ जाहिराती बघायच्या, अर्ज टाकायचे. पण त्याआधी एक कागद तयार करावा लागतो आणि अनेकजणींचं घोडं तिथंच अडतं. कारण त्या कागदावर स्वतःबद्दल लिहायचं असतं!

मग शेजारच्या ताईचा बायोडेटा आणला जातो. नाव, पत्ता बदलतो. ‘कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ’ हे शब्द मात्र तसेच राहतात. खाली वडिलांचा व्यवसाय, भावंडं, जात, ‘अविवाहित’ आणि छंद म्हणून वाचन, संगीत, स्वयंपाक. मैत्रिणींनो, हा कागद कुठंतरी पाहिल्यासारखा वाटतो ना? बरोबर, तो लग्नाच्या बायोडेटाचा चुलतभाऊ आहे!

फरक एवढाच की, लग्नाच्या कागदात मुलगी कशी ‘आहे’ ते सांगतात, आणि बहुतेकदा ते वडील नाहीतर मामा लिहितात. नोकरीच्या कागदात तिनं काय ‘केलं’ ते हवं असतं, आणि ते तिनंच लिहायचं असतं. ‘रेझ्युमे’ हा मूळचा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ सारांश. तुमच्या शिक्षणाचा, कामाचा सारांश. त्यात भावंडांचं काय काम?

‘पण मी अजून काही केलंच नाही!’ हे ठरलेलं उत्तर. खरंच? राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम केलं, सात दिवसांचं शिबिर केलं, ते काय होतं? आईच्या बचत गटाची वही कोण लिहितं? बारा बायकांची महिन्याची बचत, कर्जाचे हप्ते, बँकेतला भरणा, सगळं बिनचूक. पण ते ‘घरचं’ म्हणून कागदावर येतच नाही. शिकवण्या घेतल्या, त्या ‘अशाच’. गॅदरिंगचा हिशेब ठेवला, तर लिहिताना म्हणायचं, ‘गॅदरिंगमध्ये मदत केली’.

हा ‘मदत केली’ शब्द फार फसवा. मुलींना लहानपणापासून त्याची सवय. पूर्ण स्वयंपाक केला तरी ‘आईला मदत केली’! पण कागद वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार? त्याऐवजी लिहा, ‘स्नेहसंमेलनाच्या जमाखर्चाची जबाबदारी सांभाळली, सर्व पावत्यांसह हिशेब वेळेत सादर केला.’ ‘टायपिंग येतं’ याऐवजी ‘मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट, शासकीय परीक्षा उत्तीर्ण’. ‘मुलांची आवड’ याऐवजी ‘दोन वर्षं सातवीच्या सहा मुलांना गणित शिकवलं’. विशेषण एकही नाही, तरी मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते की नाही?

‘पण ही फुशारकी नाही का वाटणार?’ अजिबात नाही. न केलेलं सांगणं ही फुशारकी. केलेलं सांगणं ही माहिती. त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. प्रत्येक ओळीवर समोरच्यानं दोन प्रश्न विचारले तर उत्तर देता येईल का? नसेल, तर ती ओळ खोडा. आणि कामाप्रमाणे कागद बदला. हिशेबाच्या नोकरीसाठी बचत गट वर, शाळेसाठी शिकवण्या वर.

मुलाखतीतही पहिला प्रश्न हाच असतो, ‘स्वतःबद्दल सांगा.’ लगेच ‘आम्ही मूळचे साताऱ्याचे, बाबा एसटीत, आई गृहिणी’ अशी गाडी सुरू होते. हे सांगण्यात कमीपणा काहीच नाही, पण त्यांना बाबांना नोकरी द्यायची नाहीये ना! शिक्षण, एक-दोन कामं आणि ही नोकरी का हवी, एवढं दीड मिनिटात सांगा.

‘लग्न कधी करणार?’ हा प्रश्न तर हमखास मुलींनाच. खरं तर कामावर घेताना स्त्री म्हणून भेदभाव करू नये, हे १९७६च्या समान वेतन कायद्यात होतं आणि २०१९च्या वेतन संहितेतही आहे. तिथं वाद घालावासा वाटला नाही, तर शांतपणे म्हणा, ‘या कामाच्या वेळा आणि जबाबदारी मी समजून घेतली आहे, ती मी पार पाडू शकते.’ आणि गप्प बसा. जास्त खुलासा देऊ नका.

तर मग आज एक वही घ्या. गेल्या तीन वर्षांत केलेली दहा कामं लिहा, घरची, कॉलेजची, गल्लीतली. प्रत्येक वाक्यात ‘मी’ आलाच पाहिजे आणि ‘मदत’ हा शब्द येता कामा नये. पहिली तीन वाक्यं लिहिताना हात अडखळेल. चौथ्यापासून तुमचं तुम्हालाच नवल वाटेल!