खेळ कोणाच्या मालकीचा?

१९९० नंतरच्या दशकांत अहमदपुरास आमच्या घरीं टी. व्ही. ला जोडण्याचें व्हिडिओ गेमचें यंत्र आलें. त्याची कॅसेट मुलाची स्वतःची होती. तो ती मित्रांस उसनी देई. पुढें यंत्र बिघडलें. ती कॅसेट आज नातवास दाखवितां येते, खेळतां येत नाहीं.

पूर्वींच्या खेळांस ही अडचण नव्हती. १८७१ सालीं औरंगाबादच्या पंडित हरिकृष्णांनीं ‘क्रीडाकौशल्य’ या संस्कृत ग्रंथांत बुद्धिबळादि खेळांचे नियम लिहून ठेवले. पट व सोंगट्या नव्यानें करतां येतात. नियम टिकले कीं खेळ टिकला. व्हिडिओ गेमला मात्र प्रोग्रॅम व तो चालविणारें यंत्र, दोन्ही हवींत. २०१० पूर्वीं अमेरिकेंत निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के आतां बाजारांत मिळत नाहींत, असें तेथील एका पाहणींत २०२३ सालीं आढळलें.

नातू खेळ इंटरनेटवरून घेतो. त्यांत बहुधा वस्तु मिळत नाहीं, केवळ वापरण्याचा परवाना मिळतो. ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ कंपनीच्या दूरच्या संगणकांवर अवलंबून होता. ३१ मार्च २०२४ रोजीं ते बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ घरोघर निरुपयोगी ठरला.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा प्रोग्रॅमच्या कायदेशीर धारकास, तो नष्ट होऊं नये म्हणून, राखीव प्रत करण्याची मुभा देतो. तेव्हां माळ्यावरची कॅसेट भंगारांत घालूं नका. आणि नवा खेळ घेतांना आपण मालक होतों कीं भाडेकरी, हें आधीं वाचून पाहा.