फाटकाच्या अलीकडची माणसे

कर्जतचे नाव काढले की मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला बटाटवडा आठवतो. गाडी थांबते, गरम वडे खिडकीशी येतात, आणि ही गाडी जणू वड्यासाठीच थांबली अशी त्याची समजूत होते. खरे कारण पुढे उभे असते. बोरघाटाची चढण सदतीस फुटांना एक फूट अशी आहे. ती चढण्यासाठी गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने येथे जोडावी लागतात. रेल्वेची माणसे त्यांना ‘बँकर’ म्हणतात. खिडकीच्या आत बसलेल्याला हा थांबा म्हणजे पाच मिनिटांची मौज होय.

परंतु कर्जत आणि शेजारचा खालापूर या दोन तालुक्यांत रुळांच्या कडेने राहणारीही माणसे आहेत. त्यांना रेल्वे दिसते ती खिडकीतून नव्हे, तर फाटकाच्या दांड्याआडून. शेत अलीकडे आणि घर पलीकडे, गाव अलीकडे आणि दवाखाना पलीकडे, असा ज्यांचा संसार रुळांनी दुभंगलेला आहे, त्यांच्या दिवसाचे वेळापत्रक रेल्वेच ठरवते.

मी याच भागात एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. पहिल्या तासाला उशिरा येणाऱ्या मुलांची कारणे ऐकण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. त्यांतले ‘सर, फाटक पडलं होतं’ हे कारण मी कधी खोटे मानीत नाही; कारण पुष्कळदा त्या मुलाच्या मागे चार गाड्या सोडून मीही उभा असतो!

आधी रस्ता, मग रूळ

रस्ता आणि रूळ यांचे येथे पहिल्यापासून वैर होते असे मात्र नाही. बोरघाटातून चाकाची वाहने जाऊ शकतील असा रस्ता १८३० साली झाला. पुढे १२ मे १८५६ रोजी आगगाडी खोपोलीपर्यंत आली, पण घाट चढणे तिला अजून साधले नव्हते. १८५८ साली खंडाळ्याहून पुण्याकडे गाड्या धावू लागल्या. मधला घाट मात्र प्रवासी पालखीतून, तट्टावरून किंवा पायी ओलांडीत. घाटातला लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. म्हणजे काही वर्षे आगगाडीचा प्रवास रस्त्याच्या खांद्यावर बसूनच पुरा होत असे. पुढे गाडी घाट चढली आणि रस्त्याची गरज तिला उरली नाही.

कायद्यानेही तिचीच बाजू धरली. रुळांमुळे एखाद्याची जमीन तुटली, तर ये-जा करण्यासाठी वाट करून देणे हे रेल्वेचे कर्तव्य आहे. पण मार्ग सुरू झाल्याला दहा वर्षे उलटली, की त्या जमिनीच्या मालकासाठी आणखी वाट काढण्याचा खर्च रेल्वेवर पडत नाही. ही तरतूद १८९०च्या कायद्यात होती आणि १९८९च्या कायद्यातही आहे. खोपोलीच्या मार्गाची दहा वर्षे १८६६ सालीच सरली. कायदा जन्माला येण्यापूर्वीच मुदत संपलेली! त्यानंतर गावे वाढली, कारखाने आले, शाळा-महाविद्यालये निघाली. या वाढीची दखल ती मुदत घेत नाही.

माणसाचे एकक कोणते?

मग पूल कोणाला मिळतो? त्याचा एक हिशोब ठरलेला आहे. फाटकावरून दिवसाला जाणाऱ्या गाड्यांची संख्या आणि रस्त्यावरच्या वाहनांची संख्या यांचा गुणाकार करायचा. मोटार एक, बैलगाडी एक, ऑटोरिक्षा अर्धी. ही मोजणी दर तीन वर्षांनी करायची. गुणाकार एक लाखावर गेला, की तेथे पूल बांधून खर्च रेल्वे व राज्य सरकार यांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यावा, असा दंडक वर्षानुवर्षे चालत आला आहे.

समजा, एका फाटकावरून चाळीस गाड्या आणि पाचशे वाहने जातात. गुणाकार झाला वीस हजार. पूल दूरच राहिला. त्या पाचशे वाहनांतले एक रुग्णाला नेणारे असेल, पण मोजणीत त्याची किंमत एकच. दप्तर घेऊन उभी असलेली मुले आणि भाताची रोपे डोक्यावर घेतलेली बाई यांना तर या हिशोबात एककच नाही. शिवाय गुणाकार वाहनांचा होतो, थांबण्याच्या मिनिटांचा होत नाही. मला वाटते, गावे आणि रेल्वे यांच्या भांडणाचे मूळ येथे आहे. गावकरी मिनिटे सांगतात, रेल्वे वाहने मोजते. दोघेही खरे बोलतात आणि दोघांनाही एकमेकांचे पटत नाही.

‘सिग्नल दिलाय, मावशी’

गाडीचा पत्ता नसताना फाटक का पडते, हा नेहमीचा संतापाचा प्रश्न. त्याचे उत्तर असे, की पुष्कळ ठिकाणी फाटकाचे कुलूप आणि सिग्नल एकमेकांना जखडलेले असतात. फाटक पक्के बंद झाल्याखेरीज सिग्नल उतरत नाही, आणि सिग्नल दिल्यावर फाटक मनात येईल तेव्हा उघडता येत नाही. वेगातली गाडी ब्रेक लावताच जागी थांबत नाही. तिला थांबायला किलोमीटरभर अंतर लागू शकते. म्हणून गाडी दृष्टीस पडण्याच्या पुष्कळ आधी रस्ता बंद होतो.

हे मला पुस्तकाने नव्हे, तर एका फाटकाने शिकवले. गेल्या पावसाळ्यात एका सायंकाळी आमच्या पुढे एक टेम्पो उभा होता. आत अवघडलेली तरुणी आणि तिची सासू. सासू भर पावसात खाली उतरून गेटमनला म्हणत होती, ‘‘दादा, पोरीचे दिवस भरल्यात. एवढं उघडा की हो!’’ तो तरुण गेटमन कळवळून म्हणाला, ‘‘सिग्नल दिलाय, मावशी. आता माझ्या हातात काही नाही.’’ एक मालगाडी गेली. फाटक उघडेल म्हणून सर्वांनी इंजिने सुरू केली. तोच दुसऱ्या बाजूने गाडी येत असल्याचे कळले. अकरा मिनिटे गेली. ती मुलगी सुखरूप पोचली असे मागाहून समजले. पण त्या अकरा मिनिटांत तेथल्या चाळीसेक माणसांपैकी एकही जण बोलला नाही.

त्या गेटमनने दया दाखवून फाटक उघडायला हवे होते काय? मुळीच नाही. बंद फाटक उघडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत आणि मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद कायद्याने सांगितली आहे, ती उगीच नव्हे. दोष माणसाचा नव्हता. तेथे दुसरी वाट नव्हती, हा दोष होता.

साता समुद्रांपलीकडेही तेच

हे दुखणे आपलेच आहे असे समजू नये. अमेरिकेत दोन-तीन किलोमीटर लांबीच्या मालगाड्या लहान गावांच्या फाटकांवर तासन्‌तास उभ्या राहतात. इंडियाना राज्यातील हॅमंड गावी शाळेची मुले उभ्या गाडीखालून सरपटत जातात, हे २०२३ साली साऱ्या देशाने छायाचित्रांतून पाहिले. दहा मिनिटांपेक्षा जास्त रस्ता अडवल्यास दंड करणारा त्या राज्याचा दीडशे वर्षांचा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निष्प्रभ ठरवला. ओहायोच्या तशाच कायद्याची २०२२ साली तीच गत झाली. कारण एकच : रेल्वेवर हुकूम मध्यवर्ती सरकारचा, गावाचा नव्हे. आपल्याकडेही रेल्वे केंद्राची आणि रस्ता राज्याचा किंवा पंचायतीचा. ग्रामसभेने ठराव करावा, निवेदन द्यावे, आणि पोच सांभाळून ठेवावी!

पूल होतो तेव्हा

मंजुरी मिळाली म्हणजे सुटका झाली, असेही नाही. रुळांवरचा भाग बहुधा रेल्वे बांधते, दोन्ही बाजूंचे चढ दुसरे कोणी बांधते. अंधेरीच्या गोखले पुलाचा एक भाग २०२४च्या फेब्रुवारीत खुला झाला, तेव्हा तो शेजारच्या बर्फीवाला पुलापेक्षा माणसाएवढा उंच निघाला, आणि दोन्ही जोडायला आणखी काही महिने लागले. मुंबईत ही कथा, तर खालापूरच्या खेड्याने कोणाकडे पाहावे? पुलाऐवजी भुयारी वाट दिली, तर आमच्याकडचा पाऊस असा, की आषाढात तिचे तळे होते.

तरीही हात टेकण्याचे कारण नाही. ब्रॉडगेज मार्गांवरची राखणदार नसलेली सारी फाटके जानेवारी २०१९पर्यंत नाहीशी झाली. मनावर घेतले की होते. पनवेल-कर्जतच्या नव्या उपनगरी मार्गासाठी वावर्ले येथे अडीच किलोमीटरहून लांब बोगदा डोंगरातून काढला गेला. ज्यांना डोंगर अडवीत नाही, त्यांना एक रस्ता अडवू नये.

पूल होईपर्यंतही काही करता येईल. फाटकावर स्टेशन मास्तरशी जोडलेला टेलिफोन असतो. रुग्णवाहिका निघाली की तिची वर्दी त्या टेलिफोनपर्यंत पोचली, तर सिग्नल देण्याआधी चार मिनिटे तिला मिळू शकतील. आणि गावांनी आपली वही ठेवावी : फाटक किती वाजता पडले, किती वाजता उघडले, रुग्ण किती थांबले, मुले किती. रेल्वे आकड्यांची भाषा बोलते; तिच्याशी आकड्यांतच बोलले पाहिजे. आमच्या महाविद्यालयातील काही मुलांनी अशी वही सुरू केली आहे. फाटकावर उभे राहावे लागतेच, तर निदान ती मिनिटे कोठेतरी जमा व्हावीत, असे त्यांचे म्हणणे आहे.